‘गेम ऑफ लाइफ’ सुटला म्हणतात, पण ‘स्थिर’ म्हणजे नक्की काय?

डिसेंबर २०२३ मध्ये सात जणांनी मिळून लिहिलेला एक शोधनिबंध इंटरनेटवर आला. निकाल शीर्षकातच होता: कॉनवेचा गेम ऑफ लाइफ ‘ऑम्निपीरियॉडिक’ आहे. साध्या भाषेत, तुम्ही कोणताही आकडा सांगा, ५ म्हणा, ४१ म्हणा, ५०० म्हणा. बरोबर तेवढ्या पायऱ्यांनंतर पुन्हा आपल्या मूळ रूपात येणारा आकार या खेळात आहे. हा खेळ जगासमोर आला १९७० मध्ये. शेवटी दोनच आकडे अडले होते, १९ आणि ४१. तेही २०२३ मध्येच सापडले.

ही बातमी मित्राला सांगितली तर तो दोनपैकी एक काहीतरी म्हणणार. एक, “बरं, मग?” दोन, “म्हणजे हा गेम आता सुटला!” पहिल्या प्रश्नाला उत्तर आहे. दुसरं वाक्य मात्र सरळ चूक आहे, आणि ते का चूक आहे हे कळलं की ‘स्थिर’ या शब्दाकडे बघायची आपली पद्धत थोडी बदलते.

आधी खेळ समजून घेऊ. दोन मिनिटांचं काम आहे.

शेजारी मोजा, बस्स

चौकटींचा वही-कागद डोळ्यांसमोर आणा, पण चारही बाजूंनी न संपणारा. प्रत्येक घर एकतर जिवंत असतं किंवा मेलेलं. प्रत्येक घराला आठ शेजारी: चार बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. आता सगळ्या घरांना एकाच वेळी नियम लावायचा. जिवंत घराचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील तर ते जगतं, नाहीतर मरतं. मेलेल्या घराचे बरोबर तीन शेजारी जिवंत असतील तर ते जिवंत होतं. झाली एक पिढी. मग पुन्हा तेच. अशा घराघरांच्या, नियमावर चालणाऱ्या जगाला सेल्युलर ऑटोमॅटा म्हणतात आणि गेम ऑफ लाइफ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. ब्रिटिश गणिती जॉन कॉनवे यांनी तो तयार केला आणि मार्टिन गार्डनर यांनी ऑक्टोबर १९७० च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून तो जगभर पोचवला.

यात खेळाडू नाही, स्कोअर नाही. तुम्ही सुरुवातीचा आकार काढता आणि बघत बसता.

आता हे दोन आकार बघा.

●●
●●

हा ब्लॉक. चारही जिवंत घरांना प्रत्येकी तीन जिवंत शेजारी, म्हणजे चौघंही जगणार. बाहेरच्या कुठल्याही मेलेल्या घराला जास्तीत जास्त दोन जिवंत शेजारी, म्हणजे नवीन कोणी जन्मणार नाही. पुढची पिढी अगदी आहे तशीच. अशा आकाराला ‘स्टिल लाइफ’ म्हणतात.

●●○○
●○●○
○○●○
○○●●

हा ‘ईटर’. सात जिवंत घरं, मासे पकडायच्या गळासारखा दिसतो. हाही स्टिल लाइफच. पेन घ्या आणि प्रत्येक घराचे शेजारी खरंच मोजून बघा, कारण पुढे या गळाचं मोठं काम आहे.

इथे एक गोष्ट सहज निसटते. ब्लॉक ‘थांबलेला’ नाही. फोनच्या स्क्रीनवर तो न हलणारा ठिपका दिसतो, पण दर पिढीला त्याच्या प्रत्येक घराचा आणि आजूबाजूच्या प्रत्येक घराचा हिशोब नव्याने होतो. दर वेळी उत्तर तेच येतं, एवढंच.

अशा आकारांची संख्या झपाट्याने वाढते. चार घरांचे स्टिल लाइफ दोनच आहेत, सहा घरांचे पाच, आठ घरांचे नऊ. आणि बारा घरांपर्यंत पोचलात की थेट १२१. हात शिवशिवत असतील तर बुद्धिबळाचा पट आणि तांदळाचे दाणे घ्या. ८ × ८ च्या पटावर जास्तीत जास्त किती घरं जिवंत ठेवून पुढची पिढी जशीच्या तशी ठेवता येईल? पटाबाहेरही कोणी जन्मता कामा नये, म्हणजे कडेला लागून सलग तीन दाणे चालणार नाहीत. उत्तर आहे ३६. मला पहिल्या प्रयत्नात तिशीही गाठता आली नव्हती. न संपणाऱ्या पटावर मात्र निम्म्यापेक्षा जास्त घरं भरून स्थिर राहताच येत नाही, हे गणिती नोम एल्कीज यांनी सिद्ध केलं आहे. छोट्या पटाला निम्म्याच्या वर जाता येतं, कारण त्याला बाहेरच्या रिकाम्या जागेचा आधार मिळतो.

१९ आणि ४१ वर गाडी का अडली?

स्टिल लाइफ म्हणजे दर एक पिढीला मूळ रूपात येणारा आकार. त्याच्या पुढचे ते ऑसिलेटर. तीन घरांची सरळ रेघ काढा: ती आडवी, उभी, आडवी, उभी अशी होत राहते. हा ब्लिंकर, आवर्तन २. प्रश्न असा होता की प्रत्येक आवर्तनाचा एक तरी ऑसिलेटर आहे का?

शाळेतला लसावि आठवतोय? आवर्तन २ चा एक आणि ३ चा एक असे दोन ऑसिलेटर लांब-लांब ठेवले तर पूर्ण चित्र ६ पिढ्यांनी परत येईल. पण ही पळवाट मान्य नाही. निदान एक घर तरी असं हवं, की जे स्वतः पूर्ण ६ पिढ्यांचं चक्र पाळतं. तसंही १९ आणि ४१ या मूळ संख्या आहेत, त्यामुळे लसाविचा इथे काही उपयोगही झाला नसता.

मोठ्या आकड्यांसाठी एक सुंदर युक्ती आहे आणि तिच्या मुळाशी स्टिल लाइफच आहेत. पाच घरांचा ‘ग्लायडर’ नावाचा आकार दर चार पिढ्यांनी तिरपा एक घर पुढे सरकतो. त्याला अडवून नव्वद अंशात वळवणारा आरसा मिळाला, तर चार आरसे लावून ग्लायडर चौकोनात गोल-गोल फिरवता येईल. आरशांची एक जोडी तिरपी एक घर लांब सरकवली की जाता-येता चार-चार, म्हणजे ८ पिढ्यांचा रस्ता वाढतो. रस्त्याची लांबी आणि त्यावरचे ग्लायडर, दोन्ही जुळवले की हवं ते आवर्तन मिळतं. अडचण आरशाची होती. ग्लायडर आदळला की आरसा विस्कटतो. पुढचा ग्लायडर येण्याआधी तो पुन्हा जसाच्या तसा व्हायला हवा.

१९९६ मध्ये डेव्हिड बकिंगहॅम यांनी वेगळ्या मार्गाने ६१ आणि त्यापुढची सगळी आवर्तनं मिळवली. मग एप्रिल २०१३ मध्ये माइक प्लेल यांना ‘स्नार्क’ नावाचा आरसा सापडला. स्नार्क कोणी त्रास दिला नाही तर निवांत पडून असतो. ग्लायडर आदळला की तो विस्कटतो, ग्लायडरला वळवून पाठवतो आणि ४३ पिढ्यांत पुढच्या धक्क्याला तयार होतो. त्यामुळे ४३ आणि वरचे सगळे आकडे एका फटक्यात निकालात निघाले.

खालचे मात्र एकेक करून शोधावे लागले. ४१ साठी स्नार्क जेमतेम दोन पिढ्यांनी उशिरा सावरतो! इतकं जवळ येऊनही दहा वर्षं गेली. शोध कसा होतो, तर एखादा उसळणारा, वेडावाकडा बदलणारा आकार घ्यायचा आणि भोवती असे स्टिल लाइफ पेरायचे की ते त्याला धक्का देऊन पुन्हा पहिल्या जागी ढकलतील आणि स्वतः जसेच्या तसे होतील. अशा स्टिल लाइफना रसायनशास्त्रातूनच शब्द घेतलाय: कॅटॅलिस्ट, म्हणजे आपला नववी-दहावीतला उत्प्रेरक. कोट्यवधी शक्यता कॉम्प्युटर तपासतो. पण काय शोधायचं हे माणूस ठरवतो. १९ चा मान मिचेल रायली यांना मिळाला, ४१ चा निको ब्राउन यांना. दोघंही त्या शोधनिबंधाच्या सात लेखकांत आहेत.

माझ्या मते या बातमीतला खरा मुद्दा इथे आहे. मथळ्यात आकडे आले. काम मात्र केलं ते विस्कटून पुन्हा उभ्या राहणाऱ्या स्थिर आकारांनी.

टिकणं आणि सावरणं

ब्लॉक आणि ईटर, दोघंही स्टिल लाइफ. एकटे सोडले तर दोघंही अनंतकाळ तसेच राहतील. व्याख्येप्रमाणे दोघांत काहीच फरक नाही. आता दोघांवर ग्लायडर सोडा.

ब्लॉकवर योग्य कोनातून ग्लायडर आदळला तर दोघंही नाहीसे होतात, मागे एकही घर उरत नाही. ईटरवर ग्लायडर बरोबर त्याच्या तोंडाशी आला तर फक्त चार पिढ्यांत ग्लायडर गायब आणि ईटर होता तसाच. म्हणून त्याचं नाव ईटर. अर्थात तोही काही अमर नाही. चुकीच्या बाजूने धडक बसली तर मोडतो. पण योग्य धक्का खाऊन परत उभं राहण्याची सोय त्याच्या सात घरांच्या मांडणीतच आहे.

तेव्हा ‘स्थिर आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. एकटं असताना स्थिर, की धक्का बसल्यावर स्थिर?

टिकतं, पण घडत नाही

आता २०२२ ची बातमी. तिला ऑम्निपीरियॉडिकइतकी प्रसिद्धी मिळाली नाही, पण मला विचाराल तर ती जास्त चक्रावणारी आहे.

एखादा स्थिर आकार दिसला की आपण गृहीत धरतो, हा कधीतरी कशातून तरी बनला असणार. गेम ऑफ लाइफमध्ये बहुतेक वेळा ते खरंही असतं. कागदावर हा आकार काढून बघा:

○●●
●●○
○●○

याचं नाव आर-पेंटोमिनो. पाचच घरं. पण सुरू केलात की फटाक्यांची माळ लागल्यासारखा पसरतो आणि तब्बल ११०३ पिढ्यांनी शांत होतो. मागे उरतात आठ ब्लॉक, चार ब्लिंकर, चार ‘बीहाइव्ह’ म्हणजे सहा घरांची छोटी पोळी, आणखी तीन छोटे स्टिल लाइफ, आणि बाहेरच्या दिशेने पळणारे सहा ग्लायडर. बीहाइव्ह कोणी काढलं नव्हतं. गोंधळ निवला आणि ते उरलं.

मग कॉनवेंनी १९७२ मध्येच एक प्रश्न विचारून ठेवला होता: असा स्थिर आकार आहे का, की ज्याच्या आधीच्या पिढीत फक्त आणि फक्त तोच असू शकतो? पन्नास वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या इल्का टोर्मा आणि विल्ले सालो यांनी उत्तर दिलं: हो, आहे. त्यांना कॉम्प्युटरच्या मदतीने घरांची अशी एक मांडणी मिळाली, की ती आज पटावर असेल तर मागच्या पिढीतही तिथेच होती. त्याच्या मागच्या पिढीतही. थेट सुरुवातीपर्यंत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही हा आकार बोटाने काढू शकता आणि तो स्टिल लाइफ म्हणून नीट टिकेल. पण गेममधल्या गेममध्ये, टकरींतून, गोंधळातून, कशातूनही तो बनू शकत नाही. कितीही ग्लायडर कुठूनही सोडा. नियम त्याला राहू देतात, जन्मू देत नाहीत.

याच्या अगदी उलट टोकाचाही निकाल आहे. ग्लायडरच्या टकरींतून जे काही बनू शकतं, मग ते कितीही मोठं असो, ते फक्त १५ ग्लायडरपासून बनवता येतं. पंधरा! युक्ती अशी की पूर्ण नकाशा ग्लायडरमधल्या अंतरात दडवून ठेवायचा. एक ग्लायडर इतका अफाट दूर ठेवायचा की त्या अंतराचा आकडा म्हणजेच बांधकामाच्या सूचना. प्रत्यक्षात कोणी ते शेवटपर्यंत चालवून बघणार नाही, वेळच तेवढा लागेल. पण तत्त्व पक्कं आहे.

म्हणजे एका बाजूला पंधरा ग्लायडरमध्ये मावणारं अख्खं जग, आणि दुसऱ्या बाजूला काही शे घरांचा एक गप्प पडलेला तुकडा, जो त्या जगाच्या आवाक्यातच नाही. नियम दोन्हीकडे तोच, दोन ओळींचा.

तर मग ‘सुटला’ का म्हणायचं नाही?

कारण ‘प्रत्येक आवर्तनाचा आकार अस्तित्वात आहे’ हे कळणं आणि ‘हा समोरचा आकार पुढे काय करेल’ हे कळणं, यांत मोठं अंतर आहे. गेम ऑफ लाइफमध्ये पूर्ण कॉम्प्युटर बांधता येतो; ग्लायडर म्हणजे सिग्नल, ईटर म्हणजे नको तो सिग्नल गिळणारा भाग. आणि जिथे कॉम्प्युटर बांधता येतो तिथे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलेली मर्यादा आपोआप येते. कोणताही आकार दिला तर तो शेवटी स्थिर होईल की नाही हे दर वेळी बरोबर सांगणारा प्रोग्रॅम लिहिताच येत नाही. चांगला फोन घेऊन फरक पडणार नाही, एआय लावूनही नाही. चालवून बघायचं, आणि कधी थांबायचं हे मात्र कोणी सांगू शकत नाही.

स्वतः कॉनवेही इथे फसले होते. कुठलाच आकार कायम वाढत राहणार नाही असा त्यांचा अंदाज होता, आणि त्यावर त्यांनी ५० डॉलरचं बक्षीस लावलं. नोव्हेंबर १९७० मध्येच एमआयटीतल्या बिल गॉस्पर यांच्या गटाने दर ३० पिढ्यांनी एक ग्लायडर फेकणारी ‘तोफ’ शोधली आणि बक्षीस नेलं. ज्याने नियम बनवले त्यालाच नियमांतून काय निघेल हे माहीत नव्हतं.

एआयवाल्यांना यात काय रस?

टिकणं आणि सावरणं या फरकाला अचानक भाव आला तो २०२० मध्ये. अलेक्झांडर मॉर्डव्हिन्त्सेव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘न्यूरल’ सेल्युलर ऑटोमॅटा मांडले. कल्पना उलटी आहे: नियम माणसाने लिहायचा नाही. प्रत्येक घरात एकच छोटं न्यूरल नेटवर्क बसवायचं आणि त्याला शिकवायचं की एका घरापासून सुरुवात करून सरड्याचा इमोजी बनव. प्रत्येक घराला फक्त शेजारी दिसतात. पूर्ण सरडा कोणालाच दिसत नाही.

पहिल्या प्रयोगात सरडा बनला. पण शिकवताना ठरवलेली वेळ उलटून गेली की त्याचं काय होईल याचा नेम नव्हता. कुठला विरून जायचा, कुठला वाढतच सुटायचा. सरडा बनवायला सांगितलं होतं, सरडा राहायला कोणी सांगितलंच नव्हतं. मग दुसऱ्या टप्प्यात टिकायला शिकवलं. तरीही शेपटी तोडली की प्रत्येक वेळी ती परत येईलच असं नव्हतं. म्हणून तिसऱ्या टप्प्यात शिकवता-शिकवता मुद्दाम सरडे तोडले, आणि तेव्हा कुठे तो जखम भरायला नीट शिकला. घडणं, टिकणं, सावरणं: प्रत्येक गोष्ट वेगळी शिकवावी लागली. एकातून दुसरी फुकट मिळाली नाही. ब्लॉक आणि ईटर तुम्हाला माहीत असतील तर याचं नवल वाटणार नाही.

२०२५ मध्ये गूगलच्या एका गटाने यापुढचं पाऊल टाकलं. न्यूरल नेटवर्कच्या जागी साधी लॉजिक गेट्स, म्हणजे ‘अँड’, ‘ऑर’ वगैरे, शिकून स्वतःला जोडून घेतात. पहिली परीक्षा म्हणून त्यांनी काय दिलं असेल? गेम ऑफ लाइफचा नियम. गेट्सनी तो बिनचूक शिकून दाखवला. एक भाग बिघडला तरी बाकीच्यांनी काम चालू ठेवावं अशी यंत्रं हवी असतील, तर हा रस्ता उपयोगी पडू शकतो असं त्यांना वाटतं. त्यावरची उत्पादनं उद्याच बाजारात येतील असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. अजून सगळं चेकर्सबोर्ड आणि सरड्यांवरच चाललंय.

हे सगळं फोनवर करून बघता येतं. ‘गॉली’ नावाचं फुकट ॲप आहे; त्यात आर-पेंटोमिनो काढा आणि ११०३ पर्यंत मोजू द्या. मग एक ईटर काढा, त्याच्यावर वेगवेगळ्या घरांतून ग्लायडर सोडा आणि कुठल्या धडकेत तो वाचतो ते बघा. २०२० चा सरडाही ब्राउझरमध्ये चालतो. बोटाने त्याचं अर्धं अंग पुसून टाका. तिन्ही टप्प्यांतले सरडे आळीपाळीने निवडता येतात, तेव्हा सुरुवात पहिल्यापासून करा. तिसरा आधी पाहिलात तर त्याचं सावरणं सोपं वाटेल.